९२५ छाप आहे म्हणून अख्खं वजन चांदीचं?

फिरत असलेला समज असा: वस्तूवर ९२५ लिहिलंय ना, मग वजन करा, आजच्या भावाने गुणा, तेवढे पैसे मोडीत मिळायलाच हवेत, कमी दिले तर सराफाने फसवलं.

वाटणं साहजिक आहे, पण ९२५ म्हणजे हजार भागात ९२५ भाग चांदी, उरलेले ७५ बहुतेक तांबं, कारण निव्वळ चांदी मऊ असते. आणि पेपरात येणारा भाव असतो ९९९ चा. म्हणजे २०० ग्रॅमची वाटी असेल तर गुणिले ०.९२५, चांदी १८५ ग्रॅम, भाव लावायचा तो या १८५ ला. त्यातून गाळण्याचा खर्च आणि घट जाते, ती प्रत्येक दुकानात वेगळी, म्हणून दोनतीन ठिकाणी विचारा.

खरी गडबड पोकळ वस्तूंत. परदेशातून आणलेले स्टर्लिंगचे, म्हणजे ९२५ चांदीचे, कॅन्डलस्टँड बघा, वरून पातळ पत्रा आणि आत वजनाला सिमेंट नाहीतर डांबरासारखं काहीतरी भरलेलं, तळाशी बहुतेकदा ‘वेटेड’ लिहिलेलं असतं. जेवणाच्या सुरीचं तसंच, मूठ चांदीची पण पातं स्टीलचं. अशात काट्यावरचं वजन काहीच सांगत नाही, भरण काढून उरलेला पत्रा तोलायचा. ‘ईपीएनएस’ लिहिलेलं असेल तर दुसऱ्या धातूवर चांदीचा नुसता मुलामा, मोड जवळपास शून्य.

लोहचुंबक? चिकटला तर आत लोखंड किंवा निकेलसारखा धातू आहे एवढं नक्की, नाही चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही, पितळही चिकटत नाही. सराफाकडचं टंच मशीन, म्हणजे शुद्धता मोजणारं यंत्रसुद्धा वरचा थरच वाचतं, त्यामुळे शंका असेल तर आडबाजूला जरा घासून मग टंच काढायला सांगा, आणि वजन आपल्यासमोरच.