रुळांवरून पळालेला एक किलोमीटर

एका रविवारी सकाळी प्रभादेवीहून सेनापती बापट मार्गाने लोअर परळपर्यंत पळत गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. घरी येऊन घड्याळाने आखलेला नकाशा उघडला, तर लाल रेघ फुटपाथ सोडून पश्चिम रेल्वेच्या रुळांवर चढलेली. पुढे ती एका टॉवरच्या आरपार गेली आणि परतताना रस्त्याच्या भलत्याच बाजूने आली. त्यातला एक किलोमीटर म्हणे मी ४ मिनिटं ५० सेकंदांत पळालो. माझा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, सहाच्या आत येतो तो फक्त लोकल सुटत असताना.

एवढे पैसे मोजून घेतलेलं घड्याळ साधा रस्ता ओळखत नाही, ही तक्रार पळणाऱ्यांच्या चहाच्या टपरीवर दर रविवारी होते. पण त्यातलं जीपीएस, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा ओळखणारी यंत्रणा, मुळात मनगटासाठी जन्मलेलीच नाही.

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोघे त्याचं बीप-बीप ऐकत बसले होते. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा आणि लांब जाणाऱ्या गाडीचा उतरता ऐकू येतो, तसाच स्पुटनिकचा स्वर बदलत होता. त्या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला : उपग्रह कुठे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही प्रणाली आली. ती अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांसाठी होती. एका जागेचा हिशेब लागायला काही मिनिटं जायची आणि पाणबुडीला तेवढी फुरसत असायची.

जीपीएसचा आराखडा १९७३ मध्ये पेंटागॉनमध्ये ठरला आणि पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा रेगन सरकारने केली. पण खुली म्हणजे किती? सामान्यांच्या सिग्नलमध्ये अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, आणि ती शंभर मीटरपर्यंत जाऊ शकायची. कॅसिओने १९९९ मध्ये जीपीएस असलेलं मनगटी घड्याळ आणलं ते याच काळात. शिवाजी पार्कचा कट्टा सोडून तुम्ही कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर पोचलात, तर त्यात घड्याळाचा दोष नव्हता. वरून तसा हुकूमच होता. क्लिंटन यांच्या आदेशाने १ मे २००० च्या मध्यरात्री ही भेसळ बंद झाली आणि जगातले सगळे रिसीव्हर एका रात्रीत सुधारले. पळणाऱ्यांच्या घड्याळांचा धंदा उभा राहिला तो त्यानंतर.

२००३ मध्ये गार्मिनचं फोररनर २०१ आलं. मनगटावर काडेपेटी बांधल्यासारखं दिसायचं, झाडाखाली गेलं की सिग्नल गमवायचं, आणि सुरुवातीला मोकळ्या जागी हात वर करून उभं राहावं लागायचं. तरी लोक खूश होते, कारण त्याआधी अंतर म्हणजे स्कूटरच्या काट्यावर मोजून ठेवलेला रस्ता. २००६ च्या फोररनर ३०५ मध्ये सिर्फस्टार ३ ही जास्त संवेदनशील चिप होती आणि झाडांचा प्रश्न बराचसा मिटला. त्या घड्याळाची आठवण जुने रनर अजून काढतात, आजोबांच्या सायकलची काढावी तशी.

मग प्रगती उलटी का फिरली? उत्तर बॅटरीत आहे. घड्याळं बारीक झाली, त्यात नाडी, झोप, मेसेज सगळं आलं, आणि शंभर किलोमीटरच्या शर्यती पळणाऱ्यांना चार्जिंग दोन दिवस पुरायला हवं होतं. २०१८ च्या सुमारास अनेक कंपन्या सोनीच्या कमी वीज खाणाऱ्या चिपकडे वळल्या. चार्जिंग भरपूर टिकू लागलं, पण आधीच्या मॉडेलपेक्षा रेघ वाकडी येते ही ओरड तेव्हाच वाढली. ग्राहकाने मागितलं तेच त्याला मिळालं होतं, एवढं मात्र मला कबूल करावं लागतं.

आता माझ्या रुळांकडे येतो. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल किती वेळात पोचला यावरून घड्याळ अंतर काढतं, आणि वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. लोअर परळला गिरण्या होत्या तेव्हा आभाळ मोकळं होतं. आता तिथे काचेचे टॉवर आहेत. सिग्नल काचेवर आपटून, तीस-चाळीस मीटरचा फेरा मारून मनगटावर येतो, आणि घड्याळाला वाटतं की आपण तेवढे लांब आहोत. थेट सिग्नल टॉवरने अडवला असेल, तर तुलनेलाही काही उरत नाही. त्यात अँटेना नखाएवढी, हात सतत हलणारा, आणि अर्धं आभाळ आपल्याच अंगाने झाकलेलं.

उपग्रहांच्या जुन्या सिग्नलला एल-वन म्हणतात. त्यात वेळ जुळवण्यासाठी सांकेतिक तुकड्यांची पट्टी असते, आणि तिचा एक तुकडा अंतरात मोजला तर साधारण २९३ मीटर भरतो. इतक्या रुंद तुकड्यात चाळीस मीटर उशिरा आलेला प्रतिध्वनी वेगळा काढणं कठीण. २०१० पासून सुटणाऱ्या उपग्रहांवर एल-फाइव्ह नावाचा दुसरा सिग्नल आहे, त्याचा तुकडा दहापट अरुंद, म्हणजे २९ मीटरचा. त्यामुळे खरा कुठला आणि काचेवरून आलेला कुठला, हे बरंच नीट कळतं. घड्याळात ही दुहेरी सोय २०२१ मध्ये कोरॉसच्या व्हर्टिक्स २ मध्ये आली, आणि २०२२ मध्ये गार्मिनच्या फेनिक्स ७ च्या महागड्या मॉडेलांत आणि ॲपल वॉच अल्ट्रामध्ये. चार्जिंग अर्थातच जास्त खाते.

गंमत म्हणजे आपल्या इस्रोच्या नाविक या जीपीएससारख्या देशी प्रणालीचे उपग्रह २०१३ पासून एल-फाइव्हवर बोलत होते. पण बहुतेक घड्याळांचे कान फक्त एल-वनला लावलेले, त्यामुळे डोक्यावरचा देशी उपग्रह मनगटाला ऐकूच येत नव्हता. एल-वनवर बोलणारा नाविकचा पहिला उपग्रह, एनव्हीएस-०१, मे २०२३ मध्ये गेला.

घड्याळ शर्यतीचं अंतर जास्त दाखवतं, या तक्रारीचा एक भाग मात्र घड्याळाच्या माथी मारू नये. मॅरेथॉनचं अंतर जीपीएसने मोजतच नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर हे फेरे मोजणारं यंत्र लावतात. ॲलन जोन्स या अमेरिकी इंजिनिअरने १९७१ मध्ये तो आपल्या मुलाच्या मदतीने बनवला. पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर सायकल आधी आणि नंतर तपासतात, मग वळणाच्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून शक्य तितक्या जवळच्या वाटेने मार्ग मोजतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून वर हजारी एक जादा घालतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला ४२ मीटर. त्या वाटेने आपल्यापैकी कोण पळतं? पाण्याच्या टेबलाकडे जायचं, पुन्हा मधे यायचं, सेल्फीवाल्यांना वळसा घालायचा. घड्याळात ४२.१९५ ऐवजी ४२.६ किलोमीटर दिसलं तर त्यातले निदान दोनशे मीटर आपल्याच पायांनी पळालेले असतात.

लोअर परळच्या त्या रेघेत रूळ अजून तसेच आहेत. ॲपमध्ये रन काढून टाकायची सोय आहे. पण त्यात तो पाचच्या आतला किलोमीटर आहे, म्हणून मी अजून हात लावलेला नाही.