इन्सुलिनचं झाड आणि पोटातल्या कात्र्या

बेळगावात, आमच्या शहापूरच्या गल्लीत सध्या तीन दारांत एकच झाड दिसतं. रुंद हिरवी पानं, नारिंगी फूल, नाव ‘इन्सुलिनचं झाड’. मूळचं ते ब्राझीलचं. शेजारच्या काकू रोज सकाळी त्याचं एक पान चावतात आणि पान खाल्लंय म्हणून निर्धास्तपणे गोड कुंदाही खातात. परवा मला म्हणाल्या, “तुझ्या बाबांना पण दे की रे. रोज टोचून घेतात बिचारे.”

घटकाभर धरून चालू की पानात खरंच इन्सुलिन ठासून भरलंय. तरीही त्याचा उपयोग शून्य.

इन्सुलिन हे प्रथिन. 51 अमिनो आम्लांचे मणी दोन माळांत ओवलेले, एकीत 21, दुसरीत 30, आणि दोन्ही माळा गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींना जोडलेल्या. पोटाला वरणातलं प्रथिन आणि इन्सुलिन सारखंच. दोन्ही तोडायचं, एवढंच त्याला ठाऊक.

‘जठरातलं आम्ल इन्सुलिन जाळून टाकतं’ असं बरेच जण सांगतात. ते तितकंसं खरं नाही. आजचं ग्लार्जिन इन्सुलिन कुपीत असतं तेच मुळी आम्लात, पीएच 4 वर. खरा घात करतात त्या कात्र्या, म्हणजे विकरं. जठरात पेप्सिन, पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन. गंमत अशी की यातल्या शेवटच्या दोन कात्र्या येतात स्वादुपिंडातूनच. एकच अवयव इन्सुलिन रक्तात सोडतो आणि त्याला कापणारी हत्यारं आतड्यात.

ट्रिप्सिन मोठं चोखंदळ. लायसीन किंवा आर्जिनीन हा मणी दिसला की त्याच्या पुढेच कापणार. इन्सुलिनच्या लांब माळेत 22 वा मणी आर्जिनीन आहे. तिथे कात्री चालली की शेवटचे आठ मणी गळतात. त्यांतलाच 24 वा आणि 25 वा मणी पेशीवरच्या कुलपात किल्लीसारखा बसतो. ते गेले की उरलेलं इन्सुलिन जवळपास निकामी. फ्रेडरिक सँगर यांनी 1955 पर्यंत इन्सुलिनच्या मण्यांचा संपूर्ण क्रम लावला, 1958 चं नोबेल मिळवलं, तेव्हा माळा तोडायला त्यांनी इतर साधनांबरोबर याच कात्र्या वापरल्या होत्या.

यातूनही एखादा रेणू वाचला, तर पुढे आतड्याची भिंत. तिच्यातून सुटे मणी किंवा दोन-तीन मण्यांचे तुकडे जातात, 51 चा गठ्ठा नाही. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी चालते कारण तो रेणू इवलासा, इन्सुलिनच्या सुमारे पंचेचाळीसाव्या हिश्शाच्या वजनाचा. शिवाय तो प्रथिनच नाही.

मग सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्याच औषधाची गोळी कशी निघाली? तेही मण्यांचीच माळ आहे, पण इन्सुलिन नव्हे. त्या गोळीत शोषणाला मदत करणारं एक रसायन घालतात, तरी जेमतेम एक टक्का रक्तात पोचतं. सुईने आठवड्याला अर्धा मिलीग्रॅम पुरतं, तिथे गोळीतून रोज 14 मिलीग्रॅम लागतात. सेमाग्लुटाइडला हे परवडतं. इन्सुलिनचं तसं नाही. आज अर्धा टक्का पोचलं आणि उद्या दोन टक्के, तर माणूस साखर उतरून चक्कर येऊन पडेल. ‘पान खा, सुई कायमची बंद’ असं फॉरवर्ड करणाऱ्यांना हे कुणी तरी सांगायला हवं. टाइप 1 मधुमेहात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही; अशा लेकराची सुई पानाच्या भरवशावर थांबवली, तर काही दिवसांतच ते जिवावर बेततं.

कातडीखालच्या चरबीत आतड्यासारखा कात्र्यांचा मारा नाही, म्हणून सुई तिथे. पण तिथेही थोडं थांबावं लागतं. कुपीतल्या साध्या इन्सुलिनचे रेणू सहा-सहाच्या जुडीत, जस्ताभोवती बांधलेले असतात. जुडी सुटून एकेकटे झाले की ते सहज केशवाहिन्यांत शिरतात. म्हणून बाबा पोटाला सुई टोचतात आणि अर्धा तास घड्याळाकडे बघत बसतात. मग आई भाकरी वाढते.