अपघाताची ‘केस’ एक नसते, दोन असतात

अपघाताला दोन-तीन वर्षं झालेल्या माणसाला विचारा, भरपाईचं काय झालं? उत्तर ठरलेलं असतं: “केस चालू आहे.” कोणती केस? पोलिसांनी घातलेली, की तुम्ही लावलेली? इथे बहुतेक जण गप्प होतात. कारण चालू असते ती पोलिसांची केस, आणि भरपाईचा दावा अजून कुणी दाखलच केलेला नसतो. बारा वर्षं जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करते आहे. या एका घोळापायी लोकांचं जेवढं नुकसान झालेलं पाहिलं, तेवढं विमा कंपनीच्या चालढकलीपायीही पाहिलेलं नाही.

पोलीस केस सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगते. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जबाब, मग दोषारोपपत्र. आरोपी ड्रायव्हर, फिर्यादी सरकार, आणि जखमी माणूस फक्त साक्षीदार. 1 जुलै 2024 पूर्वीच्या अपघाताला भारतीय दंड संहितेची कलमं लागतात, नंतरच्या अपघाताला भारतीय न्याय संहितेची. दंड झाला तर तो सहसा सरकारजमा होतो. तुमच्या पायात रॉड बसला, सहा महिने मजुरी बुडाली, याचा हिशेब तिथे होत नाही. ते त्या न्यायालयाचं कामच नाही.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तिथे अर्जदार तुम्ही, आणि सामनेवाले गाडीचा मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनी. पैसे सहसा विमा कंपनी भरते, म्हणून “ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्याकडून काय मिळणार” हा विचार मनातून काढून टाका. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो.

आता लोक नेमके जिथे अडखळतात, तिथे येते. “आधी ड्रायव्हरला शिक्षा होऊ दे, मग क्लेम टाकू.” हे वाक्य मी गावच्या पारावर ऐकलंय, पोलीस ठाण्याच्या बाकावर ऐकलंय, आणि वाईट वाटतं पण काळा कोट घातलेल्यांच्या तोंडूनही ऐकलंय. ते साफ चूक आहे. भरपाईचा दावा शिक्षेवर अवलंबून नसतो. शिक्षेसाठी गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. ड्रायव्हरच्या बाजूने थोडा खरा संशय उरला तरी तो सुटतो, आणि ते योग्यच आहे, कारण प्रश्न माणसाला तुरुंगात पाठवण्याचा असतो. न्यायाधिकरण एवढंच बघतं की दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर काय घडलं असण्याची शक्यता जास्त दिसते. त्यामुळे त्याच पंचनाम्यावर आणि त्याच नकाशावर एकीकडे ड्रायव्हर निर्दोष सुटू शकतो आणि दुसरीकडे भरपाई मंजूर होऊ शकते.

यात नवं काहीच नाही. एन. के. व्ही. ब्रदर्स या बसमालकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्याचा निकाल 1980 चा. रस्त्यावर लोंबणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या तारेला बस लागली आणि आठ प्रवासी जागीच गेले. चालक फौजदारी खटल्यातून सुटला होता, म्हणून भरपाईही देणं लागत नाही, असं मालकांचं म्हणणं. न्यायालयाने ते फेटाळलं. इतक्या वर्षांनंतरही तोच मुद्दा लोक एकमेकांना उलटा समजावून सांगतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

घोळाचं दुसरं टोकही आहे. ड्रायव्हर एका तारखेला हजर राहतो, गुन्हा कबूल करतो, दंड भरून मोकळा होतो. मग घरचे म्हणतात, “केस संपली.” संपली ती सरकारची. तुमचा दावा तसाच उभा आहे, किंवा अजून उभा राहायचा आहे.

थांबण्याची किंमतही मोजून बघा. भरपाईवर व्याज मिळतं, पण ते फार तर दावा दाखल केल्याच्या तारखेपासून. त्याआधीच्या काळाचं मिळत नाही. समजा 8 लाख मंजूर झाले आणि व्याज 7 टक्के धरलं, तर वर्षाचे 56,000 होतात. शिवाय 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ही मुदत दावा *लावण्याची* आहे, निकाल *लागण्याची* नाही. “सहा महिन्यांत पैसे मिळवून देतो” असं हॉस्पिटलच्या दारात सांगणाऱ्याला हा फरक कळत नाही, किंवा तुम्हाला कळू नये असं त्याला वाटतं. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तेवढ्या आधारावर मी कुणालाही थांबायला सांगणार नाही.

एक गवंडी होता. ट्रकने मोटारसायकलला उडवलं, उजव्या मांडीचं हाड मोडलं. पाचव्या महिन्याच्या अखेरीला बायको त्याला रिक्षात घालून घेऊन आली. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, तिच्यात डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधांची बिलं, काहींची शाई उडून नुसता पिवळा कागद उरलेला. कुणीतरी सांगितलं होतं, शिक्षा झाल्याशिवाय क्लेम लागत नाही. आम्ही आठवड्याभरात अर्ज दाखल केला. अपंगत्वाचा दाखला तेव्हा नव्हता, हाड जुळत होतं. तो नंतर जोडता येतो. उपचार संपेपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका. (बिलांच्या झेरॉक्स मात्र पहिल्याच दिवशी काढा, मूळ बिलं जपून ठेवा.)

मग जखमी माणसाच्या दाव्याला खरा वेळ कशात जातो? मुख्यतः शरीरात. हाड किती जुळलं, गुडघा किती वाकतो, हे स्थिर झाल्याशिवाय कायमचं अपंगत्व किती ते सांगता येत नाही. त्यानंतरही दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून सांगितलं: डावा हात गेला तर सुताराचं किंवा ड्रायव्हरचं पोट जवळजवळ पूर्ण जातं, कारकुनाची नोकरी टिकू शकते. गवंड्याला परांचीवर उकिडवं बसता येतं का, हे न्यायाधीशांपुढे आणावं लागतं. त्यासाठी डॉक्टरांची साक्ष आणि उलटतपासणी लागते, आणि डॉक्टर एका तारखेला मोकळे सापडणं कठीण. मालकाने गाडी विकलेली असेल तर नोटीस बजावण्यातच तारखांमागून तारखा जातात. निकालानंतर उच्च न्यायालयात अपिलाला 90 दिवस असतात. कंपनी अपिलात गेली आणि स्थगिती मिळाली की रक्कम आणखी अडकते.

लवकर सुटण्याच्या वाटाही आहेत. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो मिळाल्यावर 30 दिवसांत विमा कंपनीने तडजोडीचा आकडा सांगायचा असतो. आकडा पटला तर घ्या. लोक अदालतीतल्या तडजोडीला अपील नसतं, त्यामुळे पैसे लवकर सुटतात. पण ज्याचं हाड अजून जुळायचं आहे, त्याने घाईत सही करू नये असं माझं ठाम मत आहे, कारण अपील तुम्हालाही नसतं. आणि ट्रकवाल्याची माणसं वीस हजार घेऊन खाटेशी आली, तर “चूक माझीच होती” असल्या जबाबावर अंगठा उठवू नका. तोच कागद दोन वर्षांनी उलटतपासणीत समोर येतो.

गवंड्याच्या दाव्यात पुरावा चालू असतानाच तिकडे ट्रकचा ड्रायव्हर निर्दोष सुटला, साक्षीदारांना गाडीचा नंबर सांगता आला नाही. संध्याकाळी बायकोचा फोन आला. “ताई, तो सुटला. मग आता पुढच्या तारखेला यायचं का?” मी म्हटलं, यायचं, आणि येताना एक्स-रेचं मोठं पाकीट आणायचं, त्या दिवशी डॉक्टरांची साक्ष आहे.