समासातील ‘भी’ या खुणेविषयी : कथालेखक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे संपादनासाठी आलेली कथा परत मिळाल्यावर काही ओळींसमोर, समासात, पेन्सिलीने ‘भी’ हे अक्षर लिहिलेले आपल्याला आढळेल. ‘त्याला भीती वाटली’, ‘तिच्या काळजाचा ठोका चुकला’ अशा वाक्यांजवळ ही खूण असते. वाक्य चुकले आहे असा तिचा अर्थ नाही. घाबरल्यामुळे त्या पात्राचे बोलणे-वागणे बदललेले कथेत दिसत नाही, एवढेच ती सुचवते.

रशियन कथालेखक अंतोन चेखव यांची १८८३ सालची ‘कारकुनाचा मृत्यू’ ही छोटीशी कथा या बाबतीत लक्षपूर्वक वाचावी. नाट्यगृहात दुसऱ्या रांगेत बसलेला चेर्व्याकोव शिंकतो आणि पुढच्या रांगेतील ब्रिझालोव या बड्या अधिकाऱ्याच्या टकलावर तुषार उडतात. हा अधिकारी त्याच्या खात्याचा नाही, आणि चेर्व्याकोवने माफी मागताच तो ‘काही हरकत नाही’ असेही म्हणतो. म्हणजे प्रकरण तिथेच मिटायला हवे. परंतु चेर्व्याकोव मध्यंतरात पुन्हा माफी मागतो, दुसऱ्या दिवशी केस कापून, नवा गणवेश चढवून कचेरीत जातो, तिसऱ्या दिवशी परत जातो. ‘मी ते विसरलोसुद्धा’ या अधिकाऱ्याच्या उत्तरातही त्याला रागच ऐकू येतो, कारण भीतीने त्याचे तोंड सैल केले असले तरी कान बंद केले आहेत. ज्या रागाला तो भीत होता, तो अखेर त्याच्या माफीनेच ओढवतो: अधिकारी ओरडून त्याला हाकलून देतो, आणि घरी येऊन गणवेशासह कोचावर पडलेला चेर्व्याकोव मरतो. घाबरलेली माणसे गप्पच बसतात, अशी समजूत असलेल्यांनी (आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कथा तशाच असतात) ही वाचाळ भीती जरूर पाहावी.

गप्प करणारी भीती चेखव यांच्याच १८९८ सालच्या ‘कवचातला माणूस’ या कथेत आहे. स्वच्छ हवेतही छत्री घेऊन आणि रबरी बूट घालून हिंडणारा शिक्षक बेलिकोव ‘यातून काही भलतेच न निघो’ असे पुटपुटत राहतो आणि अख्खे गाव मोठ्याने बोलायला, पत्र पाठवायला कचरू लागते.

मराठीत लिहिणाऱ्याला तर भाषाच पुष्कळ मदत करते. ‘मी कप फोडला’ असे न म्हणता मूल ‘कप फुटला’ म्हणते. हिशेबात घोळ केलेला नोकर ‘साहेब, जरा चूक झाली’ म्हणतो. कर्ता वाक्यातून अलगद नाहीसा होतो. कालपर्यंत ‘तू’ म्हणणारा मित्र एकाएकी ‘तुम्ही’वर येतो, तेव्हा त्याला कसला तरी धाक बसला आहे हे वाचक ओळखतो. रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणणाऱ्या आजीला भीती वाटते, असे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून ‘भी’ दिसल्यास ते वाक्य लगेच खोडू नये. आधी त्याच्या मागचा-पुढचा संवाद वाचावा, आणि पात्र कोणाशी बोलताना शब्द वाढवते, कोणापुढे गिळते, कोणते नाव टाळते हे तपासावे. ते संवादात उतरलेले असेल, तर वाक्य काढावे. नसेल, तर संवाद पुन्हा लिहावा. खूण अमान्य असल्यास तिच्यावर काट मारून प्रत परत पाठवावी. त्या जागेबद्दल आम्ही दुसऱ्यांदा विचारणार नाही.