गजकर्ण, रिंगवर्म आणि समासाची चुकलेली भेट

गोव्यात फोंड्याजवळच्या एका शाळेत मी काही वर्षं पाचवीला इंग्रजी शिकवत होते. विज्ञानाच्या धड्यात एकदा ‘सिल्कवर्म’ आला आणि आठवड्याभराने आरोग्याच्या धड्यात ‘रिंगवर्म’. एका मुलाने वहीत लिहिलं, ‘रिंगवर्म म्हणजे अंगठीचा किडा’. त्याचा विचार अगदी चोख होता. सिल्कवर्म जर रेशमाचा किडा, तर रिंगवर्म अंगठीचाच असणार! खरं तर रिंगवर्म हा किडाच नव्हे. तो बुरशीमुळे होणारा त्वचारोग. कातडीवर कड्यासारखा गोल चट्टा उठतो म्हणून ‘रिंग’, आणि आत किडा असावा असं जुन्या लोकांना वाटे म्हणून ‘वर्म’. मी त्याला मराठी नाव सांगितलं : गजकर्ण. ते त्याने घरी ऐकलं होतं. “मग गजकर्ण म्हणजे हत्तीचा कान का रे?” असं विचारलं तर लगेच म्हणाला, “नाही टीचर, तो खाजेचा रोग.”

मराठीत जे त्याला कुणी न शिकवता कळत होतं, तेच इंग्रजीत अडलं होतं. का अडलं, याचा माग काढत गेलं की गोव्याच्या चार-साडेचारशे वर्षांच्या भाषिक इतिहासात शिरावं लागतं, आणि त्याआधी इंग्रजीच्या स्वतःच्या बालपणात.

इंग्रजी ही मुळात जर्मानिक कुळातली भाषा आणि शब्दाला शब्द जोडण्याची तिला जन्मापासून हौस. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतले कवी शरीराला ‘हाडांचं घर’ म्हणत, समुद्राला ‘देवमाशांची वाट’ म्हणत. रोजच्या बोलण्यातही तोच घाट होता. आजचा ‘लॉर्ड’ हा शब्द ‘भाकरीचा राखणदार’ अशा अर्थाच्या जोडशब्दाची झीज होऊन उरला आहे, आणि ‘लेडी’ ही मूळची ‘भाकरीचं पीठ मळणारी’. ‘डेझी’ हे फूल ‘दिवसाचा डोळा’, कारण ते सकाळी उघडतं आणि रात्री मिटतं. ‘विंडो’ हा शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा. त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. इथे मराठी वाचकाला ‘गवाक्ष’ आठवल्याशिवाय राहू नये. बैलाचा डोळा तो गवाक्ष, वाऱ्याचा डोळा तो विंडो. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणावं हे दोन्हीकडच्या माणसांना आपापलं सुचलं.

अशी झीज आपल्याकडेही आहे. देवकुलाचं देऊळ झालं, कुंभकाराचा कुंभार झाला, मातृगृहाचं माहेर झालं. देऊळ म्हणताना आपण त्याचे दोन तुकडे करत नाही. इंग्रज माणूसही लॉर्ड म्हणताना भाकरी आठवत नाही. अडचण होते ती अर्धवट झिजलेल्या शब्दांची. ‘नाइटमेअर’मधली ‘मेअर’ म्हणजे घोडी नव्हे. झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसणारं ते भूत. ‘ब्राइडग्रूम’मधला ‘ग्रूम’ मूळचा ‘गुमा’, म्हणजे पुरुष. तो शब्द वापरातून गेला आणि त्याच्या जागी तोंडावरचा जवळचा शब्द येऊन बसला. अशा ठिकाणी मुलाने फोड करून लावलेला अर्थ चुकला तर दोष मुलाचा नाही.

आता गोव्याकडे येऊ. १५१० पासून १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राजवट होती. फोंडा १७६३ मध्ये, डिचोली आणि सत्तरी १७८० च्या दशकाच्या आरंभी, पेडणे १७८८ मध्ये तिच्याखाली आलं. या नव्या काबिजादींत, म्हणजे मागाहून जिंकलेल्या मुलखात, मराठी देवळांच्या अग्रशाळांतून आणि घरांच्या ओसऱ्यांवरून शिकवली जात राहिली. सरकारी वाटेने जाणारा मात्र पोर्तुगीजच शिकत असे. आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण पोर्तुगीजमध्ये पक्के आणि इंग्रजीत अडखळणारे होते. त्यांच्या अडखळण्यामागे व्याकरणाचं एक साधं कारण आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

पोर्तुगीजमध्ये दोन नामं जोडायची तर मध्ये ‘द’ घालतात. आगगाडीची वाट म्हणजे ‘कामिन्यु द फेर्रु’, शब्दशः ‘वाट, लोखंडाची’. मुख्य शब्द आधी, विशेष सांगणारा नंतर, आणि दोघांमध्ये नातं दाखवणारा ‘द’. इंग्रजीने यातलं काहीच ठेवलं नाही. ‘रेलवे’ : रूळ आधी, वाट नंतर, आणि नातं गिळलेलं. मराठीही असंच करते. ‘आगगाडी’ म्हणताना आगीची गाडी, आगीवर चालणारी गाडी, की आग वाहून नेणारी गाडी, हे शब्द सांगत नाही, ऐकणारा जाणतो. म्हणजे जोडशब्दांपुरती मराठी ही पोर्तुगीजपेक्षा इंग्रजीच्या जवळची आहे. मुख्य शब्द शेवटी, खुलासा आधी, मधला दुवा गुप्त. आपल्या व्याकरणात या गुप्त दुव्याला नावसुद्धा आहे : मध्यमपदलोपी समास. साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात, पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी. ‘विंडमिल’ वाऱ्यावर चालते, ‘फ्लोअर मिल’ पीठ दळते, ‘सॉमिल’ करवतीने लाकूड कापते. तिन्हीकडे मिल तीच आहे, गुप्त दुवे तीन आहेत.

पोर्तुगीज शिकलेल्यांना इंग्रजीतली एक जात मात्र ओळखीची वाटली असणार. छत्रीला पोर्तुगीजमध्ये ‘ग्वार्द-शूव’ म्हणतात : राख-पाऊस, म्हणजे पावसापासून राखणारी. लाटा अडवणाऱ्या बांधाला ‘केब्र-मार’ म्हणतात : मोड-समुद्र. क्रियापद आधी आणि नाम नंतर हा फ्रेंच-पोर्तुगीज घराण्याचा घाट. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचचा जो लोट इंग्रजीत आला, त्याने याही घाटाला बळ दिलं असं भाषाभ्यासक मानतात. ‘पिकपॉकेट’, ‘स्केअरक्रो’, ‘ब्रेकवॉटर’ हे त्यातलेच. आपला क्रम नेमका उलटा : खिसेकापू. पण ‘वुडकटर’ पाहा, तो थेट लाकूडतोड्या! इंग्रजीत दोन घराणी शेजारीशेजारी नांदतात आणि मुलांना हे कुणी सांगत नाही. ‘पिकपॉकेट’चा शेवटचा शब्द ‘पॉकेट’, म्हणून तो एक प्रकारचा खिसा असावा, असं माझ्या वर्गात एकीने लिहिलं होतं.

जोडशब्द ज्याच्याबद्दल बोलतो तो माणूस शब्दाच्या बाहेरच उभा असतो, अशा समासाला आपण बहुव्रीही म्हणतो. लंब आहे उदर ज्याचं तो लंबोदर. चवथीच्या आरतीत मुलं ही नावं घोकतात आणि लंबोदर म्हणजे लांब पोट असं कुणीही समजत नाही. १७९९ ते १८१३ या काळात, नेपोलियनच्या युद्धांच्या निमित्ताने, इंग्रजांच्या पलटणी गोव्यात तळ देऊन होत्या. इंग्रज शिपायाला ‘रेडकोट’ म्हणत : तांबडा आहे कोट ज्याचा तो. पीतांबर जसा पिवळं वस्त्र नेसलेला देव, तसा रेडकोट. ‘पेपरबॅक’ पुस्तक, ‘हंचबॅक’ माणूस हे सगळे बहुव्रीही.

आणि हे मी ओढूनताणून जुळवलेलं नाही. इंग्रजीचे अभ्यासक स्वतः या जोडशब्दांना ‘बहुव्रीही’ हेच नाव देतात. ‘द्वंद्व’ आणि ‘तत्पुरुष’ हे शब्दही त्यांच्या ग्रंथांत जसेच्या तसे आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात समास बांधून ठेवले. इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं, कोलब्रुक यांचं संस्कृत व्याकरण १८०५ मध्ये छापून आलं, आणि पुढे युरोपात जे भाषाशास्त्र उभं राहिलं त्याने समासाची परिभाषा उचलली. पाणिनीला फार मानणारे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात जोडशब्दांची जी मोठी विभागणी केली, मुख्य पद शब्दाच्या आत की बाहेर, तिच्यामागेही हाच विचार आहे. ‘बहुव्रीही’ हे नावच एक उदाहरण आहे : बहु आहे व्रीही, म्हणजे भात, ज्याच्याकडे तो. ज्या गोव्यात खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांधांआडच्या, शेतीच्या भातावर पिढ्या जगल्या, तिथल्या मुलाला हा शब्द परका वाटावा याचं मला वाईट वाटतं.

या देवाणघेवाणीची पहिली पावलं तर गोव्यातच पडली होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं इथेच राहिला. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्याची नोंद आहे. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचं नोंदवलं; जोन्सच्या दोन शतकं आधी. त्याचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्याच्या साष्टी भागातल्या रायतूरला छापलं गेलं, आणि त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, तिथेच. स्टीफन्सच्या त्या पत्राच्याच सुमारास इकडे आलेला फिलिप्पो सासेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी देव, सर्प, सप्त, अष्ट, नव हे शब्द आपल्या इटालियन शब्दांशी जुळवून पाहत होता. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. इंग्रजी आणि मराठी या दोन भाषा एका डोक्यात पहिल्यांदा नीट भेटल्या त्या साष्टीच्या एखाद्या खोलीत, स्टीफन्सच्या डोक्यात, असं मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात.

समासाचा अर्थ केवळ शब्दांत नसतो, उच्चारातही असतो, हेही आपल्या परंपरेला ठाऊक होतं. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा दाखला दिला आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. आघात शेवटच्या अक्षरावर दिला असता तर तो तत्पुरुष झाला असता : इंद्राचा शत्रू. तो पडला पहिल्या पदावर आणि शब्द बहुव्रीही झाला : इंद्र आहे शत्रू ज्याचा तो. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. इंग्रजीत हेच रोज घडतं. ‘ग्रीन’वर जोर दिला की ‘ग्रीनहाऊस’ म्हणजे रोपांसाठी काचेचं हरितगृह. ‘हाऊस’वर जोर दिला की पणजीच्या फोंतेन्यासमधलं एखादं हिरव्या रंगाचं घर. आज मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला हा फरक ऐकूच येत नाही. नियम पूर्ण पक्काही नाही. ‘चर्च स्ट्रीट’मध्ये जोर चर्चवर आणि ‘चर्च रोड’मध्ये रोडवर, याला कारण विचारू नये, कान तयार करावा.

लिहिण्याच्या पद्धतीने गोंधळात भरच पडते. मराठीत सामासिक शब्द जोडून लिहायची शिस्त आहे. इंग्रजीत ‘ब्लॅकबोर्ड’ सलग, ‘मदर-इन-लॉ’ आडव्या रेघांनी, ‘रेलवे स्टेशन’ तोडून, आणि तरी तिन्ही जोडशब्दच. तेही बदलत राहतं. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या एका शब्दकोशाने सुमारे १६,००० शब्दांमधल्या संयोगरेघा काढून टाकल्या. ‘आइस क्रीम’ सुटं झालं, ‘क्रायबेबी’ सलग झालं. आग्वादच्या टेकडीवर जुनं दीपगृह आहे आणि पायथ्याशी सिकेरीला हॉटेलं. हॉटेलात हाऊसकीपिंगची नोकरी धरणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना मी मुद्दाम एक जोडी देते : ‘लाइटहाऊस कीपर’ आणि ‘लाइट हाऊसकीपर’. पहिला दीपगृह सांभाळतो, दुसरी हलकं घरकाम करते. अक्षरं तीच, थांबण्याची जागा वेगळी.

मग भेट चुकते कुठे? १९६१ नंतर, विशेषतः दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाल्यावर, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आमच्या गावांत शिक्षण पोचलं ते त्यामुळेच. पण चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकलेलं बहुतेक मूल पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जातं. दहाव्या वर्षी त्याच्यापुढे ‘ग्राउंडवॉटर’, ‘अर्थक्वेक’, ‘बॅकबोन’, ‘लँडस्लाइड’, ‘ब्लडस्ट्रीम’ येऊन उभे राहतात. समास मात्र हायस्कूलच्या वरच्या वर्गांत येतो, तोवर मराठी आठवड्यातल्या मोजक्या तासांपुरती उरलेली असते आणि विग्रह हा चार गुणांचा प्रश्न झालेला असतो. किल्ली मिळते तेव्हा कुलूप फोडून तीन-चार वर्षं झालेली असतात. मराठीची बाई एका तासाला येते, इंग्रजीची दुसऱ्या. दोघी एकाच स्टाफरूममध्ये डबा खातात आणि ‘घोडागाडी’ व ‘हॉर्सशू’ यांची गाठ पडत नाही. मीही अशी कित्येक वर्षं घालवली.

पुढे मी नावं न सांगता पाचवीतच विग्रह सुरू केला. मुलांनी रस्त्यावरचे शब्द आणायचे. ‘फेरीबोट’ आली, ‘बसस्टँड’ आला. एकाने ‘स्पीडब्रेकर’ आणला, आणि पाटीवरचं त्याचं मराठी नावही : गतिरोधक, गतीला रोधणारा. हा इंग्रजी शब्द आपल्याकडे जास्त चालतो. इंग्लंडात ‘स्पीड बम्प’ म्हणतात. त्याच्या शेजारी मी मुरगावच्या बंदराचा ‘ब्रेकवॉटर’ लिहिला. एकात मोडणारा शेवटी, दुसऱ्यात मोडणं सुरुवातीला. वेग मोडणारा उंचवटा, पाणी मोडणारा बांध, असा विग्रह फळ्यावर झाला. मागच्या बाकावरून एक मुलगी फळ्याकडे बघत होती. मी ‘ब्रेकवॉटर’खाली ‘ब्रेकफास्ट’ लिहिलं आणि ‘फास्ट’ म्हणजे इथे उपास एवढंच सांगितलं. तिने हात वर केला : “म्हणजे रोज सकाळी द्वादशीचं पारणं, टीचर?”