टर्बो घेतलात ना, मग मॅनिफोल्डच्या आधी हाउसिंग दाखवा

आम्ही मॅनिफोल्ड बनवतो, म्हणजे इंजिनातला जळका गॅस टर्बोपर्यंत नेणारे पाइप. त्यासाठी येणारे मेसेज बहुतेक एकाच छापाचे असतात. "दादा, टी३ टर्बो घेतलाय, सिटी व्हीटेकला टाकायचाय, मॅनिफोल्डचे किती आणि शनिवारपर्यंत मिळेल का?" किती ते लगेच सांगतो. शनिवारचं मात्र तुमच्या हाउसिंगवर, म्हणजे टर्बोतल्या टर्बाइनच्या कवचावर आहे, आणि ते हाउसिंग नेमकं त्या वेळी डोंबिवलीला मित्राच्या घरी खोक्यात असतं नाहीतर अजून कुरिअरवाल्याकडे. दर वेळी तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. टर्बो काय करतो, बूस्ट म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चाललोय.

मुद्दा एकच आहे. टर्बोच्या नावावरून फ्लँज, म्हणजे मॅनिफोल्डला जोडायचं सपाट तोंड, कळत नाही. लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात आणि आमचे दिवस पण इथेच जातात.

टी३/टी४ असं लिहिलेला टर्बो घेतला की गिऱ्हाईक सांगतो "टी४ आहे". अहो, त्यातला टी४ हा कॉम्प्रेसरचा, म्हणजे कोल्ड साइडचा, हॉट साइडला, म्हणजे टर्बाइनकडे, फ्लँज टी३चाच असतो. मॅनिफोल्ड हॉट साइडला लागतो, त्यामुळे आम्ही तुमच्या शब्दावर टी४ कापला तर तो कुठेच बसणार नाही. टी२८ किंवा जीटी२८ म्हणून जे विकतात त्यांच्या हॉट साइडला बहुतेक वेळा टी२५ फ्लँज असतो, आणि टी२५ नि टी३ दोन्ही चार होलचे, दोन्ही चौकोनी, फोटोत सख्खे भाऊ वाटतात. होलचं अंतर वेगळं असतं पण ते फोटोत दिसत नाही. जीटी३५ तर टी३, टी४ आणि व्ही-बँड (बोल्टऐवजी क्लॅम्पने आवळायचा गोल फ्लँज) अशा तिन्ही हाउसिंगमध्ये मिळतो, नाव मात्र तिन्हीचं तेच. व्ही-बँडवाले म्हणतील आमचं बरंय, होलच नाहीत, पण त्यातही साइज वेगवेगळे येतात, आतली खाच वेगळी येते, कॉपी मालाचा क्लॅम्प ओरिजिनल फ्लँजवर पूर्ण बसेलच असं नाही.

म्हणून हाउसिंग हातात असल्याशिवाय आम्ही फ्लँज कापत नाही. काही जणांना हा आमचा आडमुठेपणा वाटतो, "दुसरीकडे फोटोवर बनवून देतात" असं ऐकवतात. देतात ना, आणि नंतर तोच मॅनिफोल्ड घेऊन माणूस आमच्याकडे येतो आणि विचारतो "अडॅप्टर प्लेट मिळेल का?"

अडॅप्टर प्लेटचं पण सांगून टाकतो. प्लेट टाकली की टर्बो दहा-बारा मिलिमीटर पुढे येतो, आणि आपल्या छोट्या गाड्यांच्या इंजिन बेमध्ये तेवढ्यात रेडिएटरचा फॅन नाहीतर एसीचा पाइप लागतो. एका गॅस्केटच्या जागी दोन होतात, म्हणजे लीक व्हायला जागा पण दोन. शिवाय आतमध्ये पायरी तयार होते, गॅस तिथे अडकतो. मॉकअपला, जागा बघायला, प्लेट ठीक आहे. चालत्या गाडीत आम्ही ती लावून देत नाही.

पायरीवरून आठवलं. मॅनिफोल्डचं तोंड हाउसिंगच्या तोंडाएवढं किंवा किंचित लहान चालतं. मोठं असेल तर गॅस सरळ हाउसिंगच्या कडेवर जाऊन आपटतो. गॅस्केटचं होल दोन्हीपेक्षा थोडं मोठं हवं, कारण आत लोंबणारी कड जळते आणि तिचे तुकडे टर्बाइन व्हीलमध्ये जातात. आणि कृपा करून तिथे लाल सिलिकॉन लावू नका. ते साधारण ३००-३५० डिग्रीपर्यंतचं असतं, डब्यावरच लिहिलेलं असतं, आणि पेट्रोल गाडीचा एग्झॉस्ट लोडवर ८००-९०० डिग्रीच्या घरात जातो. स्टीलचं मल्टिलेयर गॅस्केट लावा, आम्ही मॅनिफोल्डबरोबर तेच देतो.

फ्लँज जमला म्हणजे काम झालं असंही नाही, कारण हाउसिंग आतून उघडं आहे की दोन भागांचं, म्हणजे ट्विन स्क्रोल, ते बघावं लागतं. ट्विन स्क्रोलचा फायदा हवा तर मॅनिफोल्ड पण दुभागलेला पाहिजे. सिटी काय, एस्टीम काय, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, म्हणजे १ आणि ४ एका बाजूला, २ आणि ३ दुसऱ्या बाजूला. साध्या मॅनिफोल्डवर ट्विन स्क्रोल हाउसिंग लावलं तरी गाडी चालते, नाही असं नाही, पण ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते काहीच मिळत नाही. त्यात एक्स्टर्नल वेस्टगेट (जास्तीचा गॅस टर्बाइनला टाळून बाहेर काढणारा वेगळा व्हॉल्व्ह) असेल तर त्याला दोन्ही भागांतून रस्ता द्यावा लागतो. एकाच भागातून दिला की बूस्ट कंट्रोलमध्ये राहत नाही आणि मग सगळे ट्यूनरला शिव्या घालतात.

ए/आरचा, म्हणजे हाउसिंगमधली गॅसची वाट किती मोठी त्याच्या आकड्याचा, प्रश्न पण रोज येतो. थोडक्यात, हाउसिंगवर .४८, .६३, .८२ असा जो आकडा कोरलेला असतो तो लहान असेल तर टर्बो लवकर जागा होतो आणि वरच्या आरपीएमला गुदमरतो, मोठा असेल तर उलटं. पंधराशे-सोळाशे सीसीची गाडी जी अर्धं आयुष्य वेस्टर्न एक्स्प्रेसवर फर्स्ट-सेकंडमध्ये काढणार आहे तिला .८२ घालून काय करणार, गोरेगावला दाबलेला पेडल बोरिवलीला लागेल. आणि जीटी२८चा .६४ नि जीटी३०चा .६३ सारखेच समजू नका, व्हील वेगळं, हाउसिंगची फॅमिली वेगळी, आकडा जवळचा असला म्हणून गाडी सारखी वागत नाही. टर्बो घ्यायच्या आधी विचारलंत तर हे आम्ही फुकट सांगतो. घेतल्यावर विचारलंत तरी सांगतो, फक्त तुम्हाला ते आवडत नाही.

मग टर्बो कुठे तोंड करून बसणार ते. ऑइल ड्रेन खाली पाहिजे, गॅरेटवाले उभ्या रेषेपासून ३५ डिग्रीच्या आत ठेवायला सांगतात, आणि ड्रेन संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइलच्या लेव्हलच्या वर उतरला पाहिजे, नाहीतर सीलमधून ऑइल येऊन निळा धूर सुटतो आणि लोक म्हणतात टर्बो खराब निघाला. इंटर्नल वेस्टगेट असेल तर हाउसिंग फिरवलं की ॲक्च्युएटरचा (वेस्टगेट उघडणाऱ्या डब्याचा) ब्रॅकेट पण हलवावा लागतो. हे सगळं मॅनिफोल्डला टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारायच्या आधी ठरतं, म्हणूनच आम्हाला नुसता फ्लँजचा माप चालत नाही, अख्खा टर्बो आणि गाडी दोन्ही लागतात.

शनिवारचं राहिलंच. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकतो, कितीही चांगला टिग वेल्डिंगवाला असला तरी वाकतो. आम्ही जाड प्लेटवर कसून थोडं थोडं वेल्ड करतो, पूर्ण थंड होऊ देतो आणि मग दोन्ही तोंडं मशिनवर फेस, म्हणजे सपाट, करून घेतो. हेडकडच्या फ्लँजला पोर्टच्या मध्ये काप देतो, कारण स्टेनलेस तापल्यावर कास्ट आयर्नपेक्षा जास्त पसरतं आणि जागा नसेल तर स्टड तोडतं नाहीतर वेल्ड फाडतं. घाईत दिलं तर पहिल्याच लोणावळा घाटात टिक-टिक आवाज यायला लागतो, जॉइंटवर काळं दिसतं, वाइडबँड (एग्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) खोटं लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो कारण लीकमधून बाहेरची हवा आत येते, आणि ट्यूनर विनाकारण पेट्रोल वाढवत बसतो. आमचा रेट जरा जास्त वाटतो तो या फेसिंगमुळे आणि स्टेनलेसमुळे. माइल्ड स्टीलचा पण करून देतो, स्वस्त पडतो, पण मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत त्याचे नट दोन पावसाळ्यांनंतर पान्याने सुटतील ही गॅरंटी आमच्याकडून नाही.

डिझेल व्हीजीटीवाल्यांनी आणि पोलो १.० टीएसआयवाल्यांनी हे पत्रक मनावर घेऊ नका. व्हीजीटीमध्ये हाउसिंगच्या आतच हलणाऱ्या पात्या असतात आणि १.० टीएसआयचा मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच आहे, तिथे आम्ही बनवून देण्यासारखं काही नाही. आणि आम्ही ट्रॅक आणि ड्रॅगच्या गाड्या करतो. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतात, ते तुमचं तुम्ही बघा, नंतर आरटीओला आमचं नाव सांगू नका.

तर पहिल्या फेरीला गाडी आणू नका, साकीनाक्याला आमच्या गल्लीत पार्किंग नाही हे तुम्हाला माहीत आहे. नुसता टर्बो पिशवीत घालून मेट्रोने या, बॅग स्कॅनरवाला विचारेल काय आहे म्हणून, सांगा गाडीचा पार्ट आहे. पोर्ट चिंधीने बंद करून आणा, आत खडा गेला तर व्हील गेलं. लांब राहत असाल तर आधी होलचं सेंटर टू सेंटर अंतर आणि आतल्या तोंडाची लांबी-रुंदी व्हर्नियरने मोजून, व्हर्नियर फोटोत दिसेल असा फोटो पाठवा, फूटपट्टीचा नको. त्यावरून अंदाजे रेट आणि तारीख मिळेल. फ्लँज त्यावर कापणार नाही. टर्बो आमच्याकडे ठेवून गेलात तर पावती मिळते, आणि मॅनिफोल्ड होईपर्यंत तो इथेच राहील. मधेच "मित्राला दाखवायचाय" म्हणून घेऊन गेलात तर नंबर परत शेवटी लागतो.