भाताच्या अंगातली उघाडी

दिव्याला खाडीला लागून माझ्या मामाचं खाचर होतं, बांधात एक लाकडी उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं झडपेचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जायचं आणि भरती आली की पाण्याच्याच रेट्याने झडप बंद. एका वर्षी उधाणाला बांध फुटला, आठवड्याभरात शेजारचं भात टोकापासून करपत गेलं पण मामाचा जुना जाडा वाण उभा राहिला. आता कळतंय की त्या रोपाच्या आतही एक उघाडीच होती.

मिठातला सोडियम पेशीला पोटॅशियमसारखाच वाटतो, तो पोटॅशियमची जागा बळकावतो आणि एन्झाइमची कामं अडतात. म्हणून खारपट जमिनीत टिकणारं भात काय करतं, तर पाणी वर नेणाऱ्या नळ्यांच्या कडेच्या पेशींत एक प्रोटीन बसलेलं असतं, ते वर चाललेल्या रसातून सोडियम मधेच ओढून घेतं, त्यामुळे पानांपर्यंत तो कमी पोचतो. ह्याचा जीन २००५ साली बंगालच्या नोना बोकरा जातीत ओळखला गेला. जपानच्या कोशिहिकारी भाताकडेही हाच जीन आहे, पण दोघांच्या प्रोटीनमध्ये ४ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रोटीनच्या मण्यांचा, फरक, बस्स, एवढ्यावर खेळ! केरळच्या पोक्काली भातातही हा जीन जिथे बसतो तो क्रोमोसोम १ चा (जीन वाहून नेणाऱ्या पहिल्या धाग्याचा) भागच महत्त्वाचा ठरला, त्याला सॉल्टॉल म्हणतात.

पण सगळेच जीन असे मदतीला धावत नाहीत. डीएसटी नावाचा एक जीन उलटा आहे, तो चालू असला की पानांवरची छिद्रं जास्त उघडी राहतात, पाणी उडतं, रोप दुष्काळात आणि खाऱ्यात लवकर मान टाकतं. तो बिघडवला की रोप सावरतं. पुसा डीएसटी राईस १ हा वाण जीन एडिटिंगने ह्याच कल्पनेवर तयार केलाय, २०२५ च्या मे महिन्यात जाहीर झाला. आपल्याकडे मात्र पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने कधीपासूनच पनवेल १, २, ३ असे वाण दिलेत, आणि मला त्यांचं फार अप्रूप वाटतं कारण ते ह्याच खाडीकाठच्या मातीसाठी आहेत.

एक गोष्ट कुठल्याही वाणाला चुकत नाही. भात कोवळं असताना आणि फुलोऱ्यात असताना मिठाला सगळ्यात जास्त घाबरतं, मधल्या काळात बरंच सोसतं. म्हणून मामा लावणीआधी खाचरात बोट बुडवून पाणी जिभेला लावायचा, खारट लागलं की आवण, म्हणजे लावणीची रोपं, तसंच राबात (रोपं वाढवायच्या वाफ्यात) ठेवायचं आणि अजून दोन सरींची वाट बघायची.